नमुन्याबाहेरचा मजकूर

रविवार, ९ जून

चि. टिटवीस,

आशीर्वाद. हा शब्द सवयीने लिहिला गेला हे खरे. पण लिहून झाल्यावर मी तो पुन्हा वाचला आणि विचारपूर्वक तसाच ठेवला.

येथे सर्व ठीक. मामीचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, तक्रार मात्र वाढली आहे. तुझ्या खोलीची खिडकी अडकत होती. सुताराला बोलावून घासून घेतली. आता एका बोटाने उघडते. तुझी पुस्तके आणि कपडे दोन खोक्यांत भरून पाठवले आहेत, वर यादी चिकटवली आहे. यादीत शेवटी एक निळा कप आहे, कान तुटलेला. मामी म्हणाली, "फुटका कप कशाला पाठवताय? पोरीला वाटेल, घरातून नाव पुसलं." मी म्हणालो, तिचा आहे, तिच्याकडे गेला पाहिजे. त्यावर ती "तुमचं हेच" एवढेच म्हणाली आणि आत गेली.

तुझी आई फोनवर सांगत होती की तू पत्रे उघडत नाहीस. ती संध्याकाळी उशाशी बसून वाचून दाखवते आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असतेस. ऐकतेस की नाही, हे तिलाही ठाऊक नाही. तेव्हा हे पत्र दोघींसाठी आहे असे धरून चालतो. ताई, तुला संस्थेतल्या गोष्टी माहीत नाहीत, म्हणून काही ठिकाणी टिटवीला तोंडपाठ असलेलेही लिहावे लागेल. टिटवीने कंटाळा करू नये.

ताई, आमची संस्था समुपदेशक तयार करते. दुसऱ्याचे दुःख ऐकून घेऊन त्याला उभे राहायला मदत करणारी माणसे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांना संस्थेच्याच केंद्रात खऱ्या माणसांबरोबर बसावे लागते. एक खोली, दोन खुर्च्या, आठवड्यातून एकदा पन्नास मिनिटे. येणाऱ्यांची नावे कागदावर घ्यायची नाहीत, केवळ क्रमांक. त्यांच्याविषयी बाहेर कोणाशी बोलायचे नाही, घरी तर नाहीच. येणारा आला नाही, तरी विद्यार्थ्याने पूर्ण पन्नास मिनिटे खोलीत थांबायचे, कारण तो पंचेचाळिसाव्या मिनिटालाही येऊ शकतो. असे एकशे वीस तास भरले की अंतिम आढावा. न आलेल्याचा तास धरला जात नाही.

हे तास तपासणे हे माझे काम. तास-पत्रकाचा नमुना मीच तयार केलेला आहे आणि अठ्ठावीस वर्षांत त्यात एकही दुरुस्ती करावी लागलेली नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कार्यालयाचा अधीक्षक. मनातले मला काही कळत नाही, आणि कळते असे मी कधी म्हटलेलेही नाही.

संचालकबाईंनी एक समिती नेमली आहे. एप्रिलमध्ये तू गेलीस, त्यानंतर आणखी दोघी सोडून गेल्या. म्हणून विद्यार्थ्यांवर ताण किती आणि त्यांना आधार किती, हे विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना वेगवेगळे विचारायचे ठरले आहे. प्रश्नावली एकच, उत्तरे निनावी. संकलन माझ्याकडे आहे.

आता कामाचे. आढाव्यात तुझ्या नावापुढे "तूर्त व्यवसायास अयोग्य" असा शेरा आहे. "तूर्त" हा शब्द लक्षात घे. फेरआढाव्यासाठी अर्ज करता येतो. मुदत ३१ जुलै. अर्जाचा नमुना सोबत जोडला आहे. तुझी सही हवी तेथे पेन्सिलीने फुली केली आहे. शेरा राहिला, तर कोणतीही संस्था तुला पुन्हा घेणार नाही.

त्या दिवशीच्या आढाव्याच्या बैठकीविषयी मी काही लिहीत नाही. मी तेथे इतिवृत्त लिहिण्यासाठी बसलो होतो, एवढेच.

प्रकृतीस जप. जेवत जा.

मामा


रविवार, ३० जून

चि. टिटवीस,

उत्तर आले नाही. ते अपेक्षित होते, म्हणून दुसरे पत्र लिहिण्यास अडचण नाही.

कप फुटला नाही ना? ताई म्हणाली, खोकी अजून दाराशीच आहेत, येता-जाता ठेच लागते. मी म्हणालो, मग उघडा. "ती उघडू देत नाही," ताई म्हणाली. आणि एकदम म्हणाली, "तू तिथेच होतास ना रे? एका छपराखाली. सकाळी बरोबर जायचात, संध्याकाळी बरोबर यायचात. तुला काहीच दिसलं नाही?" मी म्हणालो, ताई, फोनवर नीट ऐकू येत नाही. ऐकू व्यवस्थित येत होते.

प्रश्नावल्या आल्या. एकतीस विद्यार्थी, नऊ शिक्षक. सहावा प्रश्न असा होता: "कठीण प्रसंगी विद्यार्थी संस्थेत कोणाकडे जाऊ शकतात?" नवांपैकी सात शिक्षकांनी लिहिले आहे की त्यांचे दार सदैव उघडे असते. शब्द जवळजवळ तेच. जणू एकाने सांगितले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले. मला स्वभावाप्रमाणे राहवेना. मी आठवडाभर दुपारी तीन वाजता कॉरिडॉरमधून फेरी मारली. उघडी दारे सरासरीने दोन. त्यांतल्या एका खोलीत पंखा दुरुस्त करणारा होता.

विद्यार्थ्यांपैकी अकरा जणांनी "कोणाकडेही नाही" असे लिहिले. नऊ जणांनी "सफाईच्या मावशी". मी ही नऊ उत्तरे आधी "इतर" या रकान्यात घातली. मग त्यांच्यासाठी नवा रकाना आखला.

शिक्षकांवर अन्याय नको. एका शिक्षकाने शेवटी लिहिले आहे, "माझ्याकडे चौदा विद्यार्थी आहेत. मी त्यांचे ऐकतो, ते येणाऱ्यांचे ऐकतात. माझे कोण ऐकते, असा प्रश्न या प्रश्नावलीत नाही." उत्तर निनावी आहे, पण हस्ताक्षर मी ओळखले. तुझे मार्गदर्शक. तुम्ही मुले त्यांना "हं-हं सर" म्हणता हे मला ठाऊक आहे. जिन्यात तुझ्या चष्मेवाल्या मैत्रिणीने त्यांची नक्कल केली तेव्हा मी खालच्या पायरीवर होतो. हसू आले होते. अधीक्षकाला हसता येत नाही म्हणून रुमाल काढला.

समितीपुढे त्यांना तुझ्याविषयी विचारले. ताई, तेथे जे निघाले ते क्रमाने सांगतो. टिटवीकडे दर गुरुवारी चार वाजता, खोली क्रमांक तीनमध्ये, एक गृहस्थ येत असत. क्रमांक एकेचाळीस. घड्याळे दुरुस्त करण्याचा त्यांचा व्यवसाय होता. पत्नी गेल्यापासून ते कोणाशी बोलेनासे झाले होते, आणि पाच महिन्यांत टिटवीपाशी बोलू लागले होते. जानेवारीत ते वारले. बसच्या रांगेत उभे असताना, हृदयविकाराने. यात कोणाचाही दोष नाही. टिटवीला हे त्यांच्या दुकानाच्या बंद दाराला चिकटवलेल्या कागदावरून कळले. अंत्यविधीला जाता येईना. जाऊन कोण म्हणून सांगणार?

तिने सरांना सांगितले. सर म्हणाले, "हं… हे तुझ्या वैयक्तिक सत्रात मांड." ताई, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःसाठीही एक समुपदेशक दिलेला असतो. तिने तेथे मांडले. त्या बाई म्हणाल्या, "ही कामाची बाब आहे, मार्गदर्शकांकडे ने." दोघांनाही मनापासून वाटत होते की दुसरा तिला सांभाळतो आहे. समितीत हे दोघे शेजारी बसले होते. ते एकमेकांकडे पाहू लागले, आणि सरांना "हं" सुद्धा म्हणता आले नाही.

आणि टिटवी दर गुरुवारी चार वाजता खोली तीनमध्ये जाऊन बसत राहिली. पन्नास मिनिटे, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. सर "वेळ घे" म्हणत होते आणि प्रकरण बंद केल्याच्या कागदावर त्यांची सही होत नव्हती, तोवर तो तास तिचाच होता. बारा गुरुवार. दर आठवड्याच्या पत्रकावर "अनुपस्थित" या चौकटीत खूण. कारणांच्या चौकटी तीनच आहेत: अनुपस्थित, पूर्वसूचनेने रद्द, केंद्राकडून रद्द. चौथी नाही.

बारा तास कमी भरले आणि आढाव्यात तिला विचारण्यात आले, "सलग तीन गैरहजेऱ्यांनंतर प्रकरण बंद करायचं असतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

ते गृहस्थ वारल्याचे मला समितीतच कळले.

मुदतीचे पुन्हा स्मरण देतो. ३१ जुलै.

मामा


शनिवार, २० जुलै

टिटवी,

ताई, हे पत्र तू आधी एकटीने वाच. मग तिला वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस, माझ्यासाठी म्हणूनही नाही. मधे थांबावेसे वाटले तर थांब.

मागच्या पत्रातले शेवटून तिसरे वाक्य, ते गृहस्थ वारल्याचे मला समितीतच कळले हे, खोटे आहे. ते लिहिताना मला ठाऊक होते.

अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी आपण घरून निघालो तेव्हा मी तुला दोन नियम सांगितले होते. इमारतीच्या दारापर्यंत मी मामा, दारातून आत अधीक्षक. आणि संस्थेतले काहीही घरात बोलायचे नाही. माझ्या भाचीला झुकते माप मिळाले असे कोणी म्हणू नये, तुझ्या पदवीवर बोट ठेवू नये, हा हेतू होता. तू हसून म्हणालीस, "म्हणजे मामा मला फक्त रस्त्यात भेटणार?" घर ते संस्था बारा मिनिटांचे अंतर. मीही हसलो होतो.

जानेवारीच्या शेवटी, एका सकाळी, शिंप्याच्या दुकानापाशी तू म्हणालीस, "मामा, समज, एखादं माणूस आपलं कोणीच नाही, आणि तरी…" आणि थांबलीस. मी तुझ्याकडे पाहिले. डोळे सुजलेले होते. मला वाटले, जागून अभ्यास करतेस. तू शब्द जुळवत होतीस, आणि जुळवेपर्यंत फाटक आले. मी म्हणालो, "दार आलं." तू "हो" म्हणालीस. दोन पावले मागे राहिलीस, नेहमी राहायचीस तशी, आपण वेगवेगळे आलो असे दिसावे म्हणून.

फेब्रुवारीत सफाईच्या मावशी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तीन नंबरात तुमची भाची एकटीच बसते."

"नियम आहे, मावशी. येणारा आला नाही तरी पन्नास मिनिटं थांबायचं असतं."

"दर गुरुवारी येत नाही होय तो?"

"ते आपण विचारायचं नसतं."

"आपण म्हणजे कोण?" मावशी म्हणाल्या. "मी विचारलं की. पाणी नेऊन दिलं तेव्हा विचारलं."

तुझे उत्तर त्यांनी मला सांगितले नाही. मी विचारले नाही. मला आधीच माहीत होते.

आता ते लिहितो, ज्यासाठी ही तीन पत्रे लिहिली.

तीन गैरहजेऱ्या झाल्यावर कार्यालयाने तुला स्मरणपत्र पाठवले. मसुदा माझा, सही माझी. त्यानंतर चौथ्या आठवड्याचे पत्रक आले. पुढच्या बाजूस सर्व बरोबर होते. मी प्रत्येक कागद उलटून पाहतो, ही माझी जुनी सवय. मागे पेन्सिलीने दोन ओळी होत्या. "क्र. ४१ वारले आहेत. यासाठी चौकट नाही. हा तास मी कुठे लिहू?"

अक्षर तुझे. "क्ष" ला खाली किंचित वळण देणारे; ते वळण सातव्या वर्षी, सुट्टीत, जेवणाच्या टेबलावर मीच गिरवून घेतले होते, आणि तू दर ओळीला "हे कशाला? ते कशाला?" विचारून माझे डोके उठवले होतेस. म्हणून तर टिटवी. अधीक्षकाला लिहिलेल्या त्या दोन ओळींत "क्ष" नव्हता. तरी मी ओळखले.

तो कागद माझ्या हातात किती वेळ होता हे सांगता येत नाही. इतर सर्व गोष्टींच्या वेळा मी सांगू शकतो. वाटले, उठून तीन नंबरात जावे. मग वाटले, इमारतीत मी मामा नाही. वाटले, घरी विचारावे. मग वाटले, घरात संस्था आणायची नाही. दोन्ही नियम माझेच होते आणि दोन्ही एकाच वेळी उपयोगी पडले. मी लाल पेन घेतले आणि खाली लिहिले, "नमुन्याबाहेरील मजकूर स्वीकारला जात नाही." तारीख घातली, छोटी सही केली आणि कागद तुझ्या कप्प्यात टाकला.

त्या संध्याकाळी आपण बरोबर घरी आलो. त्या बारा मिनिटांत तू एक शब्द बोलली नाहीस. मी तुला सुताराबद्दल सांगितले. खिडकी तेव्हापासून अडकत होती.

पुढचे आठ गुरुवार तू पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवलीस. मी दर वेळी उलटून पाहिले.

आणि आढावा. अध्यक्षांनी प्रश्न विचारला, तेव्हा तू त्यांच्याकडे पाहिले नाहीस. टेबलाच्या टोकाला मी वही घेऊन बसलो होतो, माझ्याकडे पाहिलेस. मार्गदर्शक आढाव्याला बसत नाहीत; सगळ्या खोलीत उत्तर ठाऊक असलेली आणि गप्प बसलेली माणसे दोन होती. मी मान खाली घातली आणि इतिवृत्तात लिहिले, "उत्तर दिले नाही." वाक्यात चूक नाही. फक्त कर्ता लिहायचा राहिला.

तू निघून गेल्यावर कप्पा रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले. कागद तेथेच होता. माझे लाल वाक्य वर येईल अशी घडी घातलेला. तो मी जवळजवळ तीन महिने घरी कपाटात ठेवला, फळीवर अंथरलेल्या कागदाखाली. मामीला सापडला. तिने वाचला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंत? आपल्या पोरीला?" अठ्ठावीस वर्षांत माझ्या हस्ताक्षराबद्दल शंका विचारणारी ती पहिलीच.

सोमवारी मी तो समितीला दिला. सोबत निवेदन जोडले: विद्यार्थिनीने कार्यालयास वेळेवर, लेखी कळवले होते, कार्यालयाने नाकारले, नाकारणारा मी. संचालकबाईंनी कागद उलटसुलट केला. त्या म्हणाल्या, "हे द्यायची काही गरज नव्हती हो तुम्हाला. कागदाची मागची बाजू कोण बघतंय?"

"मी बघतो, मॅडम," मी म्हणालो. "मी बघितली होती."

काल निर्णय आला. शेरा मागे घेतला आहे. अर्ज करण्याची गरज उरली नाही; ती पेन्सिलीची फुली पुसून टाक किंवा कागद फाड. ते बारा तास धरले जातील. पत्रकात चौथी चौकट येईल. तिचे शब्द मला सुचवायला सांगितले होते, मी ते काम हं-हं सरांकडे दिले. मला पुढच्या महिन्यापासून तासांच्या कामावरून काढून भांडारात बसवणार आहेत. योग्य आहे. याचे वाईट वाटून घेऊ नकोस; वाटून घेणार नाहीसच, हे गृहीत धरणेही आता माझ्याकडे राहिले नाही.

यामुळे तू परत येशील असे मला वाटत नाही. शेरा पुसला जातो. तू त्या टेबलापाशी माझ्याकडे पाहिलेस, ते पुसले जात नाही.

आणखी एक. परवाच्या गुरुवारी चार वाजता मी खोली तीनमध्ये जाऊन बसलो. तुझ्या खुर्चीत नाही, दुसऱ्या. त्या खुर्चीचा उजवा हात झिजलेला आहे. ते गृहस्थ तेथे बोट घासत असावेत. समोर भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे मागे आहे. पाच महिने एक घड्याळजी त्या खुर्चीत बसून ते पाहत होता आणि त्याने कधी सांगितले नाही, की तुला सांगितले होते आणि तुम्ही दोघांनी ते तसेच ठेवले, हे मला कधी कळणार नाही. पन्नास मिनिटे फार मोठी असतात, टिटवी. पहिल्या दहा मिनिटांत मी हातांचे काय करायचे ते शोधत होतो. बाराव्या मिनिटाला मला उठावेसे वाटले. तू हे बारा वेळा केलेस, आणि मी दर वेळी पत्रक तपासून खाली सही केली. साडेचारला मावशी पाण्याचा पेला घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला आणि काही न विचारता गेल्या. तेव्हा मला रडू आले. रुमाल काढला, या वेळी हसू लपवायचे नव्हते.

येत्या गुरुवारी मी पुन्हा बसेन. भांडारात गेलो तरी तो तास मागून घेतला आहे. तू पंचेचाळिसाव्या मिनिटाला आलीस तरी चालेल. कोणत्याही वर्षीच्या गुरुवारी आलीस तरी चालेल. आली नाहीस तर कोठेही "अनुपस्थित" अशी खूण होणार नाही. मी पत्रक भरणार नाही.

ते वाक्य तू शिंप्याच्या दुकानापाशी अर्धे सोडले होतेस. "आपलं कोणीच नाही, आणि तरी." मी तेथून रोज जातो. हल्ली जरा थांबतो.

दाराच्या अलीकडे आणि पलीकडे, तुझाच,
मामा